सही करण्यापूर्वी, दावा लावण्यापूर्वी : दिवाणी दायित्वाची पायरीपायरीने ओळख

कोल्हापुरात मित्राच्या कर्जाला जामीन राहायचे हे बहुधा चहाच्या टपरीवर ठरते आणि त्या सहीचा अर्थ पतसंस्थेची नोटीस हातात पडल्यावर कळतो. हातउसने, भिशी, विसार, ऊसतोडीची उचल, दुकानाची अनामत असे आपले कितीतरी व्यवहार शब्दावर चालतात, आणि ते शब्दावर चालतात यात गैर काही नाही. मात्र शब्द मोडला गेला की प्रश्न कायद्याच्या भाषेत विचारले जातात आणि ती भाषा ज्याला अनोळखी असते तो पहिल्याच तारखेला गोंधळतो. कायद्याचे शिक्षण न घेतलेल्या, पण सही करण्याची किंवा पैसे वसूल करण्याची वेळ आलेल्या वाचकासाठी हा लेख लिहिला आहे. यातील पायऱ्या ज्या क्रमाने दिल्या आहेत त्याच क्रमाने आपल्या प्रकरणाला लावून पाहाव्यात, कारण आधीच्या प्रश्नाचे उत्तर मिळाल्याखेरीज पुढचा प्रश्न नीट विचारताच येत नाही.

पहिली पायरी : नाते नेमके कोणात आहे ते लिहून काढा

दिवाणी दायित्व म्हणजे दोन व्यक्तींमधील असे बंधन, की ज्यामुळे एकाला दुसऱ्याकडून काहीतरी मागण्याचा हक्क मिळतो आणि दुसऱ्यावर ते पुरे करण्याची जबाबदारी येते. मागणाऱ्याला धनको आणि देणाऱ्याला ऋणको म्हणतात, मग देणे पैशाचे असो, वस्तूचे असो किंवा कामाचे. रोमन कायदेपंडितांनी याला ‘कायद्याचे बंधन’ म्हटले होते आणि जगातील बहुतेक दिवाणी कायद्यांत ही कल्पना आजही तशीच पायाला आहे.

कोरा कागद घेऊन त्यावर कोणी, कोणाला, काय, केव्हापर्यंत आणि कशामुळे द्यायचे आहे या पाच गोष्टी लिहा. काम क्षुल्लक वाटते, पण वकिलाकडे येणाऱ्या कितीतरी पक्षकारांना यातला ‘कोणी’ हाच शब्द भरता येत नाही. माल दुकानाच्या नावावर गेलेला असतो, पैसे मालकाच्या मेहुण्याच्या खात्यातून आलेले असतात आणि बिलावर तिसऱ्याच भागीदारीचे नाव असते. अशा वेळी दायित्व कोणाचे हेच आधी ठरवावे लागते, कारण हे बंधन दोन पक्षांपुरते असते. शेताच्या मालकीचा हक्क मालक साऱ्या जगाविरुद्ध सांगू शकतो, खंडाची रक्कम मात्र त्याला ज्याला शेत खंडाने दिले त्याच्याकडूनच मागता येते.

येथेच आणखी एक वेगळेपण ध्यानात घ्यावे. उसने पैसे परत न करणे हा एरवी गुन्हा नसतो. व्यवहार सुरू करतानाच फसवण्याचा हेतू होता असे दाखवता आले तर फौजदारी बाजू उभी राहते, नाही तर पोलीस ठाण्यातून ‘दिवाणी बाब आहे, कोर्टात जा’ असे जे उत्तर मिळते ते बहुतेक वेळा बरोबरच असते. हे ऐकून रागावलेले लोक पुढचे कित्येक महिने अर्ज करण्यात घालवतात आणि तेवढ्यात दाव्याची मुदत संपत येते.

दुसरी पायरी : दायित्व कशातून आले ते शोधा

सर्वांत मोठा उगम म्हणजे करार, आणि त्याला लागू होणारा मूळ कायदा भारतीय करार अधिनियम, १८७२ हा आहे. दुसरा उगम नुकसानीचा : करार नसतानाही आपल्या निष्काळजीपणामुळे दुसऱ्याची हानी झाली तर भरपाई द्यावी लागते. गळिताच्या हंगामात मागे रिफ्लेक्टर किंवा दिवा नसलेली उसाची ट्रॉली अंधारात रस्त्याकडेला उभी असते आणि दुचाकीस्वार तिच्यावर आदळतो. त्या दोघांची आधी कधी भेटही झालेली नसते, तरी दायित्व निर्माण होते, आणि चालक पगारी असेल व मालकाच्या कामावर असेल तर ते मालकापर्यंतही पोहोचते. तिसरा उगम थेट कायद्याचा : पोटगी, कर, कामगारांची देणी वगैरे.

चौथा उगम बहुतेकांना ठाऊक नसतो आणि हल्ली तोच रोज घडतो. मोबाइलवरून पैसे पाठवताना एक आकडा चुकतो आणि ८,००० रुपये अनोळखी माणसाच्या खात्यात जातात. त्याने काही कबूल केलेले नाही, काही नुकसानही केलेले नाही. तरीही करार अधिनियमाच्या कलम ७२ प्रमाणे चुकीने मिळालेले पैसे परत करणे त्याच्यावर बंधनकारक आहे. ‘माझ्या खात्यात आले ते माझे’ हे कायद्याला मान्य नाही. अशा प्रसंगी आधी आपल्या बँकेकडे व्यवहार क्रमांकासह लेखी तक्रार करून तिची पोच घ्यावी, कारण पुढे दावा करावा लागल्यास चूक कधी झाली आणि ती कधी कळवली याचा पुरावा तीच पोच असते. याच प्रकरणातील कलम ७१ सांगते की दुसऱ्याची हरवलेली वस्तू उचलून ताब्यात घेणाऱ्याने ती, ठेवीदाखल मिळालेल्या वस्तूसारखी, काळजीने सांभाळली पाहिजे. जोतिबाच्या यात्रेत सापडलेली पिशवी घरी नेणाऱ्यालाही हे लागू आहे.

उगम शोधायचा तो केवळ ज्ञानासाठी नव्हे. किती भरपाई मिळेल, पुरावा काय लागेल आणि मुदत केव्हापासून मोजायची हे सारे त्यावर अवलंबून असते.

तिसरी पायरी : करार असेल तर तो कायद्यात टिकतो का ते तपासा

करारासाठी एकाचा प्रस्ताव आणि दुसऱ्याचा स्वीकार लागतो, दोघांची संमती मोकळेपणाने दिलेली असावी लागते, दोघे करार करण्यास पात्र असावे लागतात, बदल्यात काहीतरी दिले-घेतले जावे लागते आणि हेतू कायदेशीर असावा लागतो. बदल्यात जे मिळते त्याला प्रतिफल म्हणतात. ‘तुझ्या मुलीच्या लग्नाला मी एक लाख देईन’ असे काकांनी भरपंगतीत सांगितले तरी प्रतिफल नसल्यामुळे कायदा ते वसूल करून देत नाही. मात्र जवळच्या नात्यातील प्रेमापोटी दिलेले तेच वचन लेखी आणि नोंदणीकृत असेल तर ते कलम २५ च्या अपवादात बसते आणि बंधनकारक होते.

पात्रतेबद्दल एकच गोष्ट ठसवून सांगतो. १८ वर्षांखालील व्यक्तीने केलेला करार मुळातच रद्दबातल असतो, आणि १९०३ साली प्रिव्ही कौन्सिलने (तेव्हाच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने) मोहोरीबीबीच्या खटल्यात दिलेला तो निर्णय आजही पाळला जातो. कॉलेजच्या पहिल्या वर्षातल्या मुलाला हप्त्यावर मोबाइल देणाऱ्या दुकानदाराने त्याच्या ओळखपत्रावरील जन्मतारीख पाहावी ती याचसाठी. हेतूबद्दल बोलायचे तर खासबागेतल्या कुस्तीवर लावलेली पैज हरणाऱ्याने नाही दिली, तरी जिंकणाऱ्याला तिच्यासाठी दावा करता येत नाही, कारण पैजेचा करार कलम ३० प्रमाणे रद्द असतो.

आता मुद्रांकाकडे येऊ, कारण गैरसमज येथेच सर्वांत दाट आहेत. तोंडी करारही करारच असतो. स्टॅम्पपेपरवर लिहिल्याने खोटा व्यवहार खरा होत नाही आणि साध्या वहीच्या पानावर लिहिल्याने खरा व्यवहार खोटा ठरत नाही. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून अनेक दस्तांचे किमान मुद्रांक शुल्क १०० रुपयांऐवजी ५०० रुपये झाले आहे. शुल्क कमी पडले तर दस्त पुराव्यात वाचला जात नाही, पण बहुतेक दस्तांच्या बाबतीत कमी पडलेले शुल्क आणि दंड भरून ती उणीव दूर करता येते. वचनचिठ्ठीला, म्हणजे ठरावीक रक्कम देण्याचे सहीनिशी वचन असलेल्या कागदाला, मात्र ही सवलत नाही. पुरेसे तिकीट न लावलेली वचनचिठ्ठी नंतर दंड भरूनही पुराव्यात येत नाही. म्हणूनच जुने व्यापारी रेव्हेन्यू तिकीट चिकटवून त्याच्यावरून, अर्धी तिकिटावर आणि अर्धी कागदावर येईल अशी सही घेत. त्या सहीने तिकीट रद्द झाले असे कायदा मानतो. ती नुसती रीत आहे असे समजून कोणी टाळू नये.

जमीन आणि घर यांचा नियम वेगळा आहे. १०० रुपये वा त्याहून अधिक किमतीच्या स्थावर मिळकतीची विक्री नोंदणीकृत खरेदीखतानेच होते. विसारपावती किंवा साठेखत (पुढे विक्री करण्याचा करार) यांमुळे खरेदीखत करून मागण्याचा हक्क मिळतो, मालकी मिळत नाही. साठेखत हातात ठेवून वर्षानुवर्षे निवांत बसलेली माणसे मी पाहिली आहेत आणि त्यांचा निवांतपणा मला कधीच समजलेला नाही.

चौथी पायरी : काय द्यायचे आणि केव्हा, हे शब्दांत पकडा

दायित्व पैशाचे, वस्तू देण्याचे, काम करण्याचे किंवा एखादी गोष्ट न करण्याचे असते. शेजारच्या गाळ्यात तोच धंदा न काढण्याची हमी हे शेवटच्या प्रकाराचे उदाहरण आहे, आणि धंदा रोखणाऱ्या अशा अटी करार अधिनियमाच्या कलम २७ खाली बहुतांशी टिकत नाहीत, हेही जाता जाता सांगून ठेवतो. बाकी प्रकारांत अडचण येते ती मोघम शब्दांची. ‘सवडीने देईन’, ‘ऊसबिल आल्यावर देतो’, ‘काम चांगले करून देऊ’ या वाक्यांपैकी मधले त्यातल्या त्यात बरे, कारण त्यात घडणारी एक घटना आहे. पण ऊसबिल कोणत्या कारखान्याचे, कोणत्या हंगामाचे आणि बिल आलेच नाही तर काय, हे लिहिलेले नसेल तर वाद ठरलेलाच.

उद्यमनगरातील लहान कारखानदारांनी येथे सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ ची आठवण ठेवावी. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल वा सेवा घेणाऱ्याने ठरलेल्या तारखेला आणि काहीही ठरले असले तरी ४५ दिवसांच्या आत पैसे दिले पाहिजेत. तारीख ठरलीच नसेल तर माल स्वीकारल्यापासून १५ दिवस धरतात. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, महिन्यागणिक चक्रवाढ पद्धतीने व्याज लागते. त्यासाठी उद्यम नोंदणी असावी लागते आणि ती माल देण्यापूर्वी केलेली असावी. थकबाकी झाल्यावर नोंदणी करून जुन्या बिलांना तिचा लाभ मिळेल यावर विसंबू नये.

पैसे भरणाऱ्यासाठी एक साधी खबरदारी सांगतो. एकाच धनकोची दोन-तीन देणी असतील तर रक्कम भरताना ती कोणत्या देण्यापोटी भरत आहोत हे लेखी कळवावे. तसे कळवल्यास धनकोला ती रक्कम त्याच खात्यात जमा करावी लागते. आपण गप्प राहिलो तर निवड त्याच्या हाती जाते आणि तो ती रक्कम मुदतबाह्य झालेल्या जुन्या बाकीतही वळती करू शकतो.

पाचवी पायरी : आणखी कोण कोण बांधले गेले ते पाहा

माझ्या मते साऱ्या विषयात सामान्य माणसाला सर्वाधिक महागात पडणारी पायरी ही आहे, म्हणून येथे जरा थांबू.

दोघा भावांनी मिळून ट्रॅक्टरसाठी कर्ज काढले असेल तर आपापल्या वाट्याचे निम्मे कर्ज असा हिशेब घरात चालतो. धनकोवर तो बंधनकारक नसतो. करारात वेगळे काही लिहिलेले नसेल तर करार अधिनियमाच्या कलम ४३ प्रमाणे तो संपूर्ण रक्कम कोणाही एकाकडून मागू शकतो, आणि ज्याने भरली त्याने दुसऱ्याकडून त्याचा वाटा वसूल करायचा असतो. थोरल्याचा ट्रॅक्टर आणि धाकट्याचा पगार असे असेल तर वसुली कोणाकडे वळेल ते सांगायला नको.

जामीनदाराची स्थिती याहून अवघड असते. ‘कर्जदार पळाला तर मग आमचा नंबर’ ही समजूत चुकीची आहे. कलम १२८ प्रमाणे जामीनदाराचे दायित्व मूळ ऋणकोइतकेच व्यापक असते. ऋणकोविरुद्धचे सारे उपाय आधी संपवा आणि मग आमच्याकडे या, असे जामीनदार म्हणू शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९६८ सालीच हे स्पष्ट केले आहे. व्यवहारात असे होते की कर्जदाराचा धंदा बुडालेला असतो, त्याचा पत्ता बदललेला असतो आणि जामीनदार मात्र शिक्षक किंवा महापालिकेचा कर्मचारी असतो, ज्याचा पगार दर महिन्याला ठरल्या तारखेला ठरल्या बँकेत जमा होतो. जामीनपत्राबरोबर पगारातून कपात करण्याचे संमतिपत्रही त्याने सही करून दिलेले असते आणि बहुधा ते वाचलेले नसते. सहकारी संस्थेला वसुलीसाठी दिवाणी दावाच लावावा लागतो असेही नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १०१ खाली निबंधकाकडून वसुली दाखला मिळवता येतो, आणि त्याविरुद्ध पुनरीक्षण (फेरतपासणीचा) अर्ज करायचा तर वसूलपात्र रकमेच्या ५० टक्के भरणा आधी करावा लागतो. सहकारी बँकांना तारण मिळकतीवर न्यायालयात न जाता ताबा घेण्याचा सरफेसी कायद्याचा मार्गही मोकळा आहे. तो मोकळा आहे हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ५ मे २०२० रोजी ठरवले, आणि ते प्रकरण आपल्याच जिल्ह्यातल्या मुरगूडच्या एका सहकारी बँकेचे होते.

म्हणून जामीनपत्रावर सही करण्यापूर्वी चार गोष्टी पाहाव्यात. जामीन एकाच कर्जापुरता आहे की पुढे मिळणाऱ्या कर्जांनाही लागू आहे, रकमेला कमाल मर्यादा लिहिली आहे का, कर्जाला दुसरे तारण कोणते आहे, आणि रिकाम्या जागा भरलेल्या आहेत का. कोरा धनादेश देऊ नये. सही केलेला कोरा धनादेश स्वेच्छेने दिला असेल तर नंतर रक्कम दुसऱ्याने भरली एवढ्यावरून सुटका होत नाही, कारण तो देण्यापोटीच दिला असे गृहीत धरले जाते आणि उलट सिद्ध करण्याचा भार देणाऱ्यावर पडतो.

जामीनदाराला हक्कही आहेत, पण ते सांगणारा सहसा भेटत नाही. त्याच्या संमतीशिवाय संस्थेने कर्जाच्या अटी बदलल्या तर बदलानंतरच्या व्यवहारांपुरता तो सुटतो. सतत चालणारा जामीन पुढच्या व्यवहारांपुरता नोटीस देऊन मागे घेता येतो. कर्ज फेडल्यावर धनकोचे सारे हक्क, तारणासकट, जामीनदाराकडे येतात आणि तो ऋणकोकडून पूर्ण रक्कम वसूल करू शकतो. दोन जामीनदार असतील आणि एकानेच सारे भरले असेल, तर दुसऱ्याकडून निम्मे मागता येते. संस्थेने कर्जदारावर कारवाई करायला नुसता उशीर केला, एवढ्याने मात्र जामीनदार मोकळा होत नाही. छापील जामीनपत्रात यांतले काही हक्क सोडून दिल्याची कलमे बारीक अक्षरांत असू शकतात. ती शोधून वाचावीत आणि खोडता येत नसतील तर निदान काय सोडत आहोत ते समजून सही करावी. सही झाल्यावर साऱ्या कागदांची एक प्रत मागून घ्यावी. मागायला भीड वाटते हे मला माहीत आहे, पण तीच भीड पुढे वसुली अधिकाऱ्यासमोर उपयोगी पडत नाही.

वारसांचा प्रश्न राहिला. वडिलांचे कर्ज मुलाने फेडलेच पाहिजे ही आपल्याकडची भावना आदरणीय आहे, मात्र कायद्याची स्थिती वेगळी आहे. वडिलांच्या मालमत्तेतून जे वारसाच्या हाती आले तेवढ्यापुरतेच त्याचे दायित्व असते, त्याच्या स्वतःच्या कमाईला हात लावता येत नाही. हिंदू वारसा कायद्यातील ९ सप्टेंबर २००५ च्या दुरुस्तीनंतर घेतलेल्या कर्जासाठी मुलगा, नातू किंवा पणतू यांच्यावर केवळ पुत्रधर्म म्हणून दावा चालवता येत नाही. दशक्रियेच्या दिवशी दारात येऊन ‘आता तू सही कर’ म्हणणाऱ्याला हे शांतपणे सांगता येते. नवी सही केली की नवा करार होतो, म्हणून त्या दिवसांत कोणत्याही कागदावर सही करू नये.

सहावी पायरी : मुदत मोजा

देणे खरे असले तरी मुदत अधिनियम, १९६३ मधील काळ उलटला की न्यायालय ते वसूल करून देत नाही. देणे नाहीसे होत नाही, दाव्याचा मार्ग बंद होतो. हातउसन्या रकमेला ती दिल्यापासून तीन वर्षे मिळतात. ‘मागशील तेव्हा देतो’ असे ठरले असेल तरी घड्याळ मागितल्यापासून नव्हे, दिल्यापासून चालू होते, आणि नेमके हेच लोकांना खरे वाटत नाही. परतफेडीची तारीख ठरलेली असेल तर त्या तारखेपासून मोजतात. साठेखताप्रमाणे खरेदीखत करून मागण्यालाही ठरलेल्या तारखेपासून तीन वर्षे, आणि तारीख ठरली नसेल तर नकार कळल्यापासून तीन वर्षे आहेत.

मुदत संपण्यापूर्वी ऋणकोने सहीनिशी लेखी कबुली दिली तर कबुलीच्या दिवसापासून नवी मुदत सुरू होते. थोडी रक्कम भरली आणि तिची नोंद त्याच्या हस्ताक्षरात किंवा सहीने असली तरीही तेच. म्हणून देणे थकले की भांडण्यापेक्षा वर्षातून एकदा खातेउतारा दाखवून ‘बाकी मान्य’ अशी तारखेसह सही घेणे शहाणपणाचे. मुदत संपल्यानंतरची नुसती कबुली कामाची नाही. तेव्हा ‘ही रक्कम देईन’ असे स्पष्ट लेखी वचनच लागते, ते करार अधिनियमाच्या कलम २५ खाली नवा करार म्हणून चालते. वकिलाची नोटीस पाठवल्याने मुदत वाढते, हा तर बाजारातला सर्वांत महाग गैरसमज आहे. नोटिशीने काहीही वाढत नाही. शेवटचा दिवस न्यायालयाच्या सुट्टीत आला, तर न्यायालय उघडेल त्या दिवशी दावा लावता येतो, एवढी सूट आहे.

सातवी पायरी : शब्द मोडला तर काय मागता येते ते ठरवा

एक उदाहरण बारकाईने पाहू. कार्तिकात गुऱ्हाळ ऐन भरात असताना चरकाचा दात्यांचा चाक तुटतो. मालक तो उद्यमनगरात नेतो, तीन दिवसांत नवा करून द्यायचा ठरतो आणि चाक मिळतो अकराव्या दिवशी. आठ दिवस काहिली थंड, तोडलेला ऊस फडात वाळतो, गुळव्या आणि जळव्या बसून, त्यांची मजुरी चालूच. मालक हे सारे नुकसान वर्कशॉपवाल्याकडून मागू शकेल का? करार अधिनियमाच्या कलम ७३ चे उत्तर असे, की करार मोडल्यामुळे सर्वसाधारणपणे होणारे नुकसान आणि करार करताना दोघांनाही जे होईल असे माहीत होते ते नुकसान मिळते, दूरचे मिळत नाही. ‘दुसरा चाक नाही, गुऱ्हाळ बंद आहे, ऊस तोडून पडला आहे’ हे काम देताना सांगितलेले आणि सिद्ध होणारे असेल, तर मालकाची बाजू भक्कम होते. सांगितलेच नसेल तर वर्कशॉपवाला म्हणेल, की जादा चाक असेल असे मला वाटले. इंग्लंडमध्ये १८५४ साली एका पिठाच्या गिरणीच्या मोडलेल्या दांड्यावरून निघालेला हॅडली विरुद्ध बॅक्सेंडेल हा निवाडा जवळजवळ असाच आहे आणि गिरणीवाला बंद काळातल्या नफ्याबाबत हरला होता. कामाच्या चिठ्ठीवर ‘गुऱ्हाळ बंद, तातडीचे’ एवढे शब्द लिहून घेतले असते तर त्यांची किंमत हजारोंत झाली असती. शिवाय मालकानेही नुकसान आटोक्यात ठेवण्याची खटपट केली पाहिजे. तोडलेला ऊस शेजारच्या गुऱ्हाळाला देता येत असताना वाळू दिला, तर त्या ऊसाची भरपाई कापली जाते.

करारात ‘रोज हजार रुपये दंड’ असे कलम असले म्हणजे तेवढे मिळतेच असे नाही. कलम ७४ प्रमाणे लिहिलेला आकडा ही कमाल मर्यादा ठरते आणि न्यायालय तिच्या आत वाजवी भरपाई देते. विसार जप्त करण्याच्या कलमालाही हाच विचार लागतो, विशेषतः विसाराच्या नावाखाली निम्मी किंमत घेतलेली असेल तर.

पैशाऐवजी ठरलेली गोष्टच हवी असेल, म्हणजे घराचे खरेदीखतच हवे असेल, तर विशिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ खाली ते मागता येते. २०१८ च्या दुरुस्तीनंतर हा उपाय पूर्वीइतका न्यायालयाच्या मर्जीवर राहिलेला नाही. पण खरेदीदाराने आपण पैसे देण्यास सदैव तयार आणि राजी होतो हे दाखवावे लागते. केवळ तोंडाने नव्हे, बँकेच्या खात्यातील शिल्लक किंवा कर्जमंजुरीचे पत्र दाखवून.

आठवी पायरी : कागद जुळवा आणि दार ठोठावा

वकिलाकडे जाताना मूळ कागद, बँकेचे उतारे, पोचपावत्या आणि तारखांची एक यादी न्यावी. मोबाइलवरील संदेश पुराव्यात देता येतात, मात्र १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे त्यांना प्रमाणपत्र जोडावे लागते. म्हणून फोन विकू नये आणि संदेश पुसू नयेत. २०,००० रुपये वा त्याहून अधिक कर्ज रोखीने घेण्यास आयकर कायद्याची मनाई आहे, मोजके अपवाद सोडून. रोखीच्या व्यवहारात पुरावाही लंगडा राहतो. उसने देणारा नेहमी व्याजाने पैसे लावत असेल आणि त्याच्याकडे सावकारीचा परवाना नसेल, तर महाराष्ट्र सावकारी नियमन अधिनियम, २०१४ मुळे त्याला हुकूमनामा, म्हणजे न्यायालयाचा वसुलीचा आदेश, मिळत नाही. अशी तक्रार जिल्हा उपनिबंधकाकडे करता येते.

लेखी करार, वचनचिठ्ठी किंवा धनादेशावर आधारलेल्या ठरावीक रकमेसाठी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३७ खाली संक्षिप्त दावा लावता येतो. त्यात प्रतिवादीला समन्स मिळाल्यापासून दहा दिवसांत हजर व्हावे लागते आणि बचाव करण्यासाठी न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. धनादेश न वटल्यास फौजदारी मार्ग वेगळा आहे : बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस, ती मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे न आल्यास पुढच्या एका महिन्यात तक्रार. यातील एक तारीख हुकली की तो रस्ता अवघड होतो.

कसबा बावड्यातील जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती आणि मुले यांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. लोकअदालतीत तडजोड झाली तर प्रलंबित दाव्याची न्यायालयीन फी परत मिळते आणि त्या निवाड्यावर अपील नसते, म्हणून हप्त्यांच्या तारखा आणि एक हप्ता चुकल्यास काय, हे तडजोडीतच लिहून घ्यावे. उच्च न्यायालयापर्यंत जाण्याची वेळ आलीच, तर १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरातच बसते आहे, त्यामुळे रात्रीच्या गाडीने मुंबई गाठण्याचा जुना खर्च आता वाचतो.

हुकूमनामा मिळाल्यावर पैसे आपोआप येत नाहीत, त्यासाठी दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज, दाखल करावी लागते आणि तिची मुदत १२ वर्षे आहे. दरखास्तीत ऋणकोची मिळकत धनकोनेच दाखवायची असते. ती ठाऊक नसेल तर न्यायालयाकडून ऋणकोला मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र देण्याचा आदेश मागता येतो. सर्वच काही जप्त होत नाही : कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची अवजारे आणि शेतीसाठी लागणारी जनावरे, अंगावरचे कपडे व स्वयंपाकाची भांडी यांना संहितेच्या कलम ६० चे संरक्षण आहे, आणि साध्या पैशाच्या हुकूमनाम्यात पगारातील पहिले १,००० रुपये व उरलेल्याचा दोन-तृतीयांश भाग सोडून बाकीच जप्त करता येतो. उसने देण्यापूर्वी समोरच्याकडे या यादीबाहेरचे काय आहे हे पाहणारा धनको नंतर दरखास्तीत कमी दमतो.